कापडी साच्यात सिमेंटची फुलदाणी: फुगवटा एकाच बाजूला, कापड निघत नाही

दोरासुई

मंडळी, कापडाची पिशवी शिवून तिच्यात सिमेंटचा पातळ माल ओतायचा आणि नंतर कापड सोलून काढायचं, अशा पद्धतीने फुलदाणी करते आहे. शिवण, विणीचा पोत आणि कापडाचा फुगवटा वस्तूवर जसाच्या तसा राहायला हवा. शिवण लपवायची नाही, तीच नक्षी आहे. पहिल्या ओतकामात बरंच बिघडलंय, म्हणून सगळे तपशील देते.

पिशवी जुन्या सुती चादरीची. चार उभ्या पट्ट्या जोडून घेर ३८ सेंमी, म्हणजे व्यास साधारण १२. उंची २८ सेंमी. मशीनवर एकेरी टीप, शिवणीची दुमड आत. तळाला गोल तुकडा. पोकळीसाठी ६३ मिमीचा रिकामा पीव्हीसी पाइप, खालचं तोंड टोपीने बंद, तळापासून ३ सेंमी वर धरून आडव्या पट्टीला चिकटपट्टीने बांधला. माल २ किलो पांढरं सिमेंट, ३ किलो चाळलेली वाळू आणि १.१ लिटर पाणी असा. पिशवीचा वरचा काठ लाकडी चौकटीला टाचला आणि तळ पाटावर टेकवला. ४८ तासांनी उघडलं.

झालं असं की खालच्या बाजूला व्यास १५ सेंमी झाला आणि फुगवटा एकाच बाजूला जास्त आला. पाइप तिरका होऊन वर सरकला, त्यामुळे एका बाजूची भिंत जेमतेम ७ मिमी आहे. कापड निघालं, पण पृष्ठभागात लव अडकली आणि शिवणीपाशी कापडाचे तुकडे सिमेंटमध्येच राहिले. तोंडापाशी तीन उभ्या केसासारख्या चिरा. वरच्या ५ सेंमीत सुरकुत्या, खाली एकही नाही. आणि वाळल्यावर पांढरे डाग. यातलं काय कापडाचं, काय मालाचं आणि काय माझ्या शिवणाचं?

उरेबपट्टी

फुगवट्यापासून सुरू करू. १२ चे १५ झाले म्हणजे घेर पाव पटीने वाढला. सरळ धाग्यात कापलेलं विणलेलं सुती कापड एवढं ताणलं जाऊच शकत नाही. एवढं ताणतं ते एक तर होजिअरीचं, नाहीतर उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, कापलेलं. कापड वाचवायला एकदोन पट्ट्या तिरक्या काढल्यात का? पुरावा वस्तूवरच असेल. फुलदाणी खिडकीपाशी आडव्या उजेडात धरून भिंगातून विणीचा ठसा बघा. धाग्यांच्या रेषा सरळ उभ्या-आडव्या असतील तर ती पट्टी सरळ कापलेली. रेषा तिरक्या असतील आणि बारीक चौकोन पतंगासारखे लांबट झाले असतील, तर ती उरेब. फुगवटा त्याच पट्टीवर असणार.

उरेब कापड म्हणजे दोष नव्हे, दोष नकळत वापरल्याचा आहे. चारही पट्ट्या उरेब घेतल्या तर पोट सगळीकडून सारखं येतं. एक सरळ, एक उरेब अशा आलटून पालटून लावल्या तर समोरासमोर दोन पोटं आणि मध्ये दोन चपट्या बाजू मिळतात. कठीण साच्यात हा आकार कोरून काढावा लागला असता, इथे तो नुसत्या कात्रीने येतो. फुगवटा कमीत कमी हवा असेल तर कापडाचा उभा धागा, म्हणजे किनारीला समांतर असतो तो, वस्तूच्या घेराभोवती फिरवा. साध्या विणीत आडवा धागा जास्त नागमोडी असतो आणि तो जास्त ताणला जातो.

आता शिवणीवर येणारा ताण. ओल्या मालाची घनता लिटरला साधारण २.२ किलो. २८ सेंमी खोलीवर दाब सुमारे ६० ग्रॅम प्रति चौरस सेंमी. त्याला त्रिज्येने, ६ सेंमीने, गुणलं की कापडाच्या दर सेंमी उंचीवर ३६० ग्रॅम ताण. २.५ मिमीचा टाका धरला तर सेंमीत चार टाके, म्हणजे टाक्याला ९० ग्रॅम. दोरा यात तुटत नाही. बिघडतं ते कापड: टाक्याच्या भोकापाशी धागे सरकतात, भोक मोठं होतं आणि तिथून सिमेंट झिरपतं. म्हणून टाका २ ते २.५ मिमी, पॉलिएस्टरचा दोरा, सुई ११ नंबरची (कापड जाड असेल तरच १४), आणि ३ मिमी अंतराने दुहेरी टीप. व्यास दुप्पट केलात की त्याच उंचीला ताणही दुप्पट होतो, हे मोठी वस्तू करताना विसरू नका. आत पाइप आहे म्हणून दाब कमी होत नाही. दाब खोलीवर ठरतो, माल किती भरलाय त्यावर नाही.

आणि दुमड बाहेर! ती आत ठेवलीत म्हणून कापड सिमेंटमध्ये गाडलं गेलं. एक सेंमी दुमड बाहेर ठेवली की ताणाने शिवण किंचित उघडते, तिच्यात सिमेंटचा रस शिरतो आणि वस्तूवर उंचवट्याची बारीक रेघ येते. तिच्यावर दर टाक्याला एक खाच असते. तुम्हाला हवी ती नक्षी हीच असावी.

वरच्या सुरकुत्यांचं कारणही दाबच आहे. वर तो जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे कापड ताणायला काही नसतं. पिशवी हव्या त्या उंचीपेक्षा ४-५ सेंमी उंच शिवा, काठ कशिद्याच्या रिंगमध्ये ताणून बसवा, माल २-३ सेंमी जास्त भरा आणि वरचा भाग नंतर कापून टाका.

वाळूचाळ

कापडाबद्दल वर सगळं आलंय. माझं मालाबद्दल.

१.१ लिटर पाणी २ किलो सिमेंटला म्हणजे गुणोत्तर ०.५५. ओतायला सोपं जातं खरं, पण आकसणं, पांढरे डाग आणि कमजोर काठ हे तिन्ही त्याच जादा पाण्यातून येतात. ०.४० वर या. एक लिटर तयार मालासाठी सिमेंट ७८० ग्रॅम, वाळू ११७० ग्रॅम, पाणी ३१० मिली. तुमच्या मापाच्या पिशवीत पाइप वजा जाता सुमारे २.४ लिटर माल मावतो, वरून १५ टक्के जास्त कालवा. वाळू १.१८ मिमीच्या चाळणीतून काढलेली आणि कोरडी. ओली वाळू असेल तर तिच्यातलं पाणी हिशेबात धरल्याशिवाय ०.४० ला काही अर्थ नाही.

एवढ्या पाण्यात माल घट्ट वाटेल. तो सैल करायला पाणी नाही, प्लास्टिसायझर घाला: पॉलिकार्बोक्झिलेट जातीचा, सिमेंटच्या वजनाच्या ०.५ ते १ टक्का. बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. आधी दोन तृतीयांश पाणी आणि प्लास्टिसायझर, मग सिमेंट, मग वाळू, शेवटी उरलेलं पाणी लागेल तसं. चार मिनिटं कालवा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा एक मिनिट. थांबण्याची ती दोन मिनिटं गाळू नका. प्लास्टिसायझरचा परिणाम उशिरा दिसतो, आणि तोवर घाईघाईत पाणी ओतलं गेलेलं असतं.

सैलपणा तपासायला ५ सेंमी व्यासाच्या पाइपचा ५ सेंमी उंच तुकडा काचेवर उभा करा, मालाने भरा आणि अलगद उचला. पसरलेला गोल १२ ते १४ सेंमी झाला की कापडासाठी योग्य. १० च्या आत राहिला तर माल विणीत नीट बसत नाही. १६ च्या वर गेला आणि कडेला पाण्याची कड सुटली तर वाळू खाली बसणार.

ओतताना एकाच बाजूने बारीक धार. व्हायब्रेटर लावू नका, कापडात त्याने शिवणी उघडतात. लाकडी पळीने बाहेरून खालून वर हलके टिचके मारत या. पहिली काही मिनिटं कापड बाहेरून घामेजल्यासारखं दिसेल. ते चांगलंच आहे. पाणी आणि हवा विणीतून निघून जाते, म्हणून कापडाच्या साच्यातला पृष्ठभाग दाट येतो आणि पुटकुळ्या कमी राहतात. लक्ष ठेवायचं थेंबाच्या रंगावर. थेंब स्वच्छ किंवा जरासा गढूळ असेल तर ठीक. दुधासारखा दाट थेंब एकाच जागी टपकत असेल तर तिथून सिमेंट जातंय, आणि त्या जागी वस्तूवर उघड्या वाळूचा खरखरीत चट्टा येणार. तिथे बाहेरून मळलेल्या मातीचा गोळा दाबून ठेवा.

पाइप वर का आला? तो मालात २४ सेंमी बुडाला होता, म्हणजे सुमारे ७५० मिली जागा. तेवढा माल १.६ किलोच्या वर भरतो, आणि तेवढा जोर पाइपला वर ढकलतो. चिकटपट्टी त्याला धरून ठेवणार कशी? पाइपमध्ये कोरडी वाळू भरली तरी पाइपसकट वजन साधारण सव्वा किलोच होतं. तो वरून दाबून बांधायलाच हवा. आडवी पट्टी चौकटीला स्क्रूने बसवा आणि पाइपच्या डोक्यावर टेकवा.

दोरासुई

उरेबपट्टी, अगदी बरोबर. ठसा पाहिला, दोन पट्ट्यांवर रेषा तिरक्या आहेत आणि फुगवटा त्यांच्यावरच आहे. कटिंग करताना लक्षातच आलं नाही.

आता कापड कोणतं घेऊ? सुती कापडाला तेल लावून चालेल का? आणि पाइप कधी काढायचा?

ठसा

तेल, व्हॅसलिन यांच्या नादी लागू नका. कापड तेल शोषून घेतं, ते विणीतून सिमेंटच्या रसात मिसळतं आणि पांढऱ्या सिमेंटवर पिवळट ढग उमटतात. शिवाय विणीची भोकं बुजली की पाणी आणि हवा बाहेर जाणार कुठून?

सुती धागा आखूड तंतूंचा असतो. वर आलेली लव सिमेंटच्या रसात बुडते आणि तिथेच पक्की होते. तुमच्या पृष्ठभागात अडकलंय ते हेच. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं, अखंड तंतूंच्या धाग्याचं, घट्ट विणीचं कापड घ्या. ओळखायची खूण सोपी आहे: कापडाचा तुकडा उजेडासमोर धरून घडीच्या काठाकडे बघा. काठावर लव दिसली तर ते नको, काठ स्वच्छ दिसला तर चालेल. विणलेली पॉलिप्रॉपिलीनची गोणीही सहज सुटते, पण तिच्या चपट्या पट्ट्यांचा ठसा चटईसारखा येतो. हवा असेल तरच.

एक अडचण लक्षात ठेवा. अखंड तंतूचं कापड जितकं गुळगुळीत तितके त्याचे धागे शिवणीपाशी लवकर सरकतात. म्हणून वर सांगितलेली दुहेरी टीप इथे जास्तच गरजेची. कापलेल्या कडा मेणबत्तीच्या आचेवरून झर्रकन फिरवल्या की उसवत नाहीत.

लायक्रा वापरणारे बरेच दिसतात. आकार गुबगुबीत येतो, फोटोत छान दिसतो. पण लायक्रात आकार ठरवतो तो मालाचा दाब, तुमची शिवण नाही. दोन पिशव्या सारख्या शिवल्या तरी वस्तू सारख्या येत नाहीत.

सोलताना कापड वस्तूपासून सरळ बाहेर ओढायचं नाही. आधी दुमडीतून टीप उसवा, मग कापड पृष्ठभागालगत उलटं दुमडून, ओलं ठेवत, सावकाश मागे ओढा. उसवण्याऐवजी कात्रीने कापलंत तर पिशवी वाया जातेच, वर कात्रीचं टोक ताज्या सिमेंटला ओरखडतं. नीट उसवलेली पिशवी धुऊन तीनचार वेळा वापरता येते. मात्र घेर दर वेळी किंचित वाढतो, तो मोजून लिहून ठेवा.

खिळेमोळे

पाइपबद्दल. तोंडावरच्या तीन चिरा पाइपमुळेच आहेत. सिमेंट घट्ट होताना आकसतं, पाइप आकसत नाही. पाइप ४८ तास आत राहिला, मग ताण मोकळा व्हायला जागाच उरली नाही. त्यातही जिथे भिंत ७ मिमीची, तिथे आधी तडकणार. चिरा त्याच बाजूला आहेत ना?

पाइपच ठेवायचा असेल तर त्याच्याभोवती ३ मिमीचा मऊ फोम गुंडाळा आणि वर प्लास्टिकचा पातळ कागद. माल ओतल्यावर वरच्या जादा भागात बोटाने दाबून बघत राहा. बोट रुतत नाही, पण नखाने ओरखडा उठतो, अशी अवस्था आली की पाइप पिळत पिळत वर काढा आणि फोम नंतर आत ओढून घ्या. साधारण २५ ते ३० अंश तापमानात हे सहा ते दहा तासांत येतं, थंडीत बरंच उशिरा. घड्याळापेक्षा नखावर भरवसा ठेवा.

पण माझं मत विचाराल तर बाहेर कापड आणि आत सरळसोट पाइप, यात काम अर्धवट राहतं. आतही कापडाचीच पिशवी करा, घेर २० सेंमी, कोरड्या बारीक वाळूने ठासून भरलेली. तिची दुमड आत, वाळूच्या बाजूला, म्हणजे मालाला लागणारी बाजू स्वच्छ राहते. वाळू थोडी थोडी भरत, दर थराला ठोकत न्या. सैल राहिली तर मालाच्या दाबाने आतली पिशवी चिपाड होते आणि भिंत खाली जाड, वर पातळ येते. ही पिशवीही वर तरंगायला बघते, तेव्हा तिच्या मधून एक सळई घालून ती आडव्या पट्टीला बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी वाळू ओतून टाकली की पिशवी आपोआप ढिली होते आणि आतल्या बाजूला सोलून निघते. मोठा फायदा असा की आतलं पोट तोंडापेक्षा रुंद असलं तरी चालतं. पाइपने हे कधीच जमणार नाही.

तळ सपाट हवा असेल तर गोल तुकडा शिवू नका. १२ मिमी प्लायवूडची चकती पिशवीच्या खाली बसवा आणि कापड तिच्या कडेला स्टेपलने, दर सेंमीला एक, टाचा. चकतीला आधी वॉर्निशचे दोन हात द्या. कोरडं प्लायवूड तळातलं पाणी ओढून घेतं आणि तळाची कड भुसभुशीत होते.

भिंतीची जाडी तंतूंशिवाय १२ ते १५ मिमीच्या खाली नेऊ नका. मालात ६ मिमी लांबीचे पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) तंतू, लिटरला ६-७ ग्रॅम, घातले तर ८-१० मिमी चालतं. तंतू सगळ्यात शेवटी, चिमटीने मोकळे करत भुरभुरवा. एकदम टाकले तर त्यांचे गोळे होतात, आणि नेमका एखादा गोळा भिंतीत अडकून खाली पोकळी राहते.

वाळूचाळ

+१. तंतू घातल्यावर पसरणीची चाचणी पुन्हा करा. गोल एकदोन सेंमीने कमी होतो. ते प्लास्टिसायझरने भरून काढा, पाण्याने नाही.

पांढऱ्या डागांचं राहिलंच. सिमेंटमधला कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि तिथेच बसतो. पाणी ०.४० वर आणलं की निम्मं काम होतं. उरलेलं काम ओलं ठेवण्याच्या पद्धतीचं. वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळली की जिथे प्लास्टिक चिकटतं तिथे एक रंग आणि जिथे सुटं राहतं तिथे दुसरा. झाकणाच्या बादलीत तळाशी थोडं पाणी, त्यात पालथी वाटी, तिच्यावर वस्तू, आणि वर झाकण. वस्तूला पाणी लागायला नको, हवा दमट राहिली की पुरे. सात दिवस तशीच ठेवा. मग सावलीत हळूहळू सुकवा, उन्हात नाही.

आत्ताच्या वस्तूवरचे डाग काढायचे असतील तर आधी ती पाण्याने पूर्ण भिजवा. मग एक भाग व्हिनेगर आणि पाच भाग पाणी, मऊ ब्रश, लगेच भरपूर पाण्याने धुणं. कोरड्या वस्तूवर थेट आम्ल लावलं तर ते आत शोषलं जातं आणि डागाबरोबर विणीचा ठसाही खातं. एवढं करून ठसा गमावण्यापेक्षा डाग राहू द्यावा, असं माझं मत.

निळाकागद

अवांतर: हे तंत्र वाटतं तेवढं नवं नाही. गुस्ताव्ह लिलिएन्थाल, म्हणजे ग्लायडरवाल्या ओटो लिलिएन्थाल यांचे भाऊ, यांनी कापडावर काँक्रीट ओतून छत करण्याच्या पद्धतीचं अमेरिकेत पेटंट घेतलं ते १८९९ साली. स्पेनचे वास्तुविशारद मिगेल फिसाक यांनी १९७० च्या सुमारास इमारतींच्या दर्शनी भिंतींसाठी दोऱ्यांनी अडवलेल्या प्लास्टिकच्या पातळ कागदावर काँक्रीट ओतलं. त्या भिंती उशीसारख्या मऊ दिसतात. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात मार्क वेस्ट यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. फिसाक यांचा प्लास्टिकचा कागद आणि तुमचं कापड यांत एक मूलभूत फरक आहे. प्लास्टिकमधून पाणी जात नाही, त्यामुळे पृष्ठभाग चकचकीत येतो, पण अडकलेली हवा पुटकुळ्या होऊन तिथेच राहते. म्हणून गुळगुळीत हवं तर प्लास्टिक आणि पोत हवा तर कापड, एवढाच तो हिशेब नाही. पाणी आणि हवा जाणार कुठून, तेही त्यातच ठरतं.

मूळ विषयाकडे: प्रत्येक नवीन नमुना थेट सिमेंटमध्ये करण्याऐवजी आधी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये करून बघा. १०० ग्रॅम प्लास्टरला ७० ग्रॅम पाणी. पाण्यावर प्लास्टर भुरभुरायचं, दोन मिनिटं भिजू द्यायचं, मग ढवळायचं. अर्ध्या तासात आकार हातात येतो, शिवण कुठे बदलायची ते कळतं. प्लास्टर सिमेंटपेक्षा हलकं असल्यामुळे फुगवटा थोडा कमी दिसतो, तेवढं मनात धरा. प्लास्टर घट्ट होताना आकसत नाही, किंचित फुगतं, त्यामुळे पाइपभोवतीच्या चिरा त्यात दिसणारच नाहीत. ती परीक्षा सिमेंटमध्येच द्यावी लागते. आणि सुती कापड प्लास्टरमध्ये अजिबात नको. हाड मोडल्यावर बांधतात ते प्लास्टर म्हणजे कापड आणि प्लास्टरच असतं, ते सुटत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

दोरासुई

खिळेमोळे, हो, चिरा पातळ भिंतीच्याच बाजूला आहेत. आतल्या पिशवीची कल्पना एकदम पटली.

शेवटचे दोन प्रश्न. मध्यावर कंबर आवळल्यासारखा आकार हवा आहे, कापडाला चुण्या घालून करू का? आणि फुलदाणीत पाणी थेट ठेवता येईल का?

उरेबपट्टी

चुण्या नकोत. चुणीच्या आत माल शिरतो आणि दोनतीन मिलिमीटरचं पान तयार होतं. सोलताना ते कापडाबरोबर तुटून येतं. वाळूचा मोठ्यात मोठा दाणा १.१८ मिमीचा असेल तर कुठलाही उंचवटा ५ मिमीपेक्षा पातळ ठेवू नये, कारण पातळ जागेत दाणे शिरत नाहीत, नुसता रस भरतो आणि तो ठिसूळ असतो. चुणीची रेघच हवी असेल तर कापड बाहेरच्या बाजूला चिमटीत धरून मुळाशी टीप मारा. माल आत जाणार नाही आणि वस्तूवर फक्त बारीक रेघ उमटेल.

कंबरेसाठी बाहेरून दोरी. पिशवीवर हव्या त्या उंचीला बाहेरून कापडाची पट्टी शिवून नेफा करा आणि त्यात ३ मिमीची नायलॉनची दोरी ओवा. दोरी आवळून हवा तो घेर आला की गाठ मारा, आणि ओतण्याआधी टेपने मोजून लिहून ठेवा. नेफ्याशिवाय नुसती दोरी बांधली तर माल भरताना ती सरकते, आणि सरकते ती नेहमी तिरकीच. कंबरेपाशी आतल्या पिशवीचा घेरही तेवढाच कमी करा, नाहीतर भिंत नेमकी तिथे पातळ होईल. दोरीच्या वर आणि खाली दोन वेगळे फुगवटे येतात. खालचा मोठा, वरचा लहान, कारण दाब. दोन्ही सारखे हवे असतील तर खालच्या भागाचा घेर शिवतानाच कमी धरा. किती कमी, ते प्लास्टरच्या नमुन्यावर टेप लावून ठरवा.

ठसा

पाण्याचं: थेट नको. ०.४० चा माल दाट असला तरी दिवसरात्र उभं पाणी भिंतीतून ओलावा बाहेर आणतंच, आणि त्याबरोबर पांढरे डागही. सिलेन-सिलोक्सेन जातीचं सीलर शिंतोडे परतवतं, उभं पाणी अडवत नाही. ही चूक फार जण करतात. आतून दोन भागांच्या इपॉक्सीचे दोन पातळ हात द्या, तेही वस्तू २८ दिवसांची होऊन पूर्ण सुकल्यावर. ओल्या भिंतीवर दिलेली इपॉक्सी फुगून सुटते. त्याहून सोपं म्हणजे काचेची नळी आत ठेवायची. आतल्या पिशवीचा घेर तिच्या मापानेच ठरवा, चहूबाजूंनी ४ मिमी सैल.

जादा उंचीचा काठ दुसऱ्यातिसऱ्या दिवशी कापा. तोवर माल इतका कच्चा असतो की साध्या लोखंडी करवतीच्या पात्याने कापला जातो. मग १२० आणि २२० नंबरच्या वॉटरपेपरने, पाण्याखालीच. कोरडं घासायचं नाही, त्या धुळीत वाळूचा सिलिका असतो. सिमेंट कालवतानाही मास्क हवाच.

खिळेमोळे

हातमोजे कोणीच लिहिले नाहीत. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३. लगेच झोंबत नाही म्हणून लोक उघड्या हाताने पिशवी दाबत बसतात, आणि संध्याकाळी बोटांची कातडी सोलवटते. कापडातून टपकणारं पाणीही तसंच दाहक असतं, तेव्हा पिशवीखाली ट्रे ठेवा. नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा. भांडी धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, ते नळीच्या वळणात घट्ट बसतं. बादलीत रात्रभर राहू द्या, साका खाली बसला की वाळवून फेका.